दुकानातली टॅली घरून: वायरगार्ड असं बसवा

२० जुलैला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं, कुर्ला-शीवला रुळांवर पाणी, मी डोंबिवलीत आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली लालबागच्या मसाल्याच्या दुकानात. शेटना लेट फी बसली, ते मला फार लागलं. पुढच्याच रविवारी दोन्हीकडे वायरगार्ड बसवलं, म्हणजे दोन मशीनमध्ये इंटरनेटवरून खाजगी, सुरक्षित रस्ता करून देणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर. काही जण राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दुरून दुसऱ्या मशीनची स्क्रीन वापरायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्ट सरळ उघडून देतात. तसं अजिबात करू नका. दुसऱ्याचे हिशेब आपल्या भरवशावर असतात.

आधी दुकानाच्या राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेटवाल्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. बाहेरून तुमच्यापर्यंत काही पोचणारच नाही. त्याच्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घ्या. हे न बघता माझी अख्खी दुपार गेली.

अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर घ्या, दोन्ही मशीनवर 'ॲड एम्प्टी टनेल' करा. चाव्यांची जोडी आपोआप तयार होते. प्रायव्हेट की त्या मशीनबाहेर कधीच न्यायची नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. पब्लिक की मात्र खुशाल पाठवा.

दुकानाच्या मशीनवर ॲड्रेस १०.८.०.१/२४, लिसनपोर्ट ५१८२०. खाली पीअरमध्ये (म्हणजे समोरच्या मशीनच्या नोंदीत) लॅपटॉपची पब्लिक की, अलाउडआयपीज १०.८.०.२/३२. लॅपटॉपवर ॲड्रेस १०.८.०.२/२४, पीअरमध्ये दुकानाची पब्लिक की, एंडपॉइंटला स्टॅटिक आयपी आणि पोर्ट, अलाउडआयपीज १०.८.०.१/३२. तिथे ०.०.०.०/० टाकलंत तर लॅपटॉपचं सगळं इंटरनेट दुकानाकडे वळेल. हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच टाइप करा.

राउटरवर ५१८२० दुकानाच्या मशीनकडे फॉरवर्ड करा. यूडीपी निवडा, टीसीपी नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्येही तेच पोर्ट आत येऊ द्या.

आता दोन्हीकडे 'ॲक्टिव्हेट'. हिरवं दिसलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. ओळखीची चावी नसेल तर वायरगार्ड समोरच्याला उत्तरच देत नाही, एररही दाखवत नाही. 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही मशीननी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं) ही ओळ आली तरच खरं. माझ्याकडे ती येईना. बघते तर लॅपटॉपवरच्या पीअरमध्ये मी दुकानाच्या चावीऐवजी लॅपटॉपची स्वतःचीच चावी चिकटवलेली.

मग रिमोट डेस्कटॉपमध्ये १०.८.०.१ टाका. त्यासाठी दुकानाच्या मशीनवर विंडोज प्रो लागतं. तिथलं स्लीप बंद ठेवा, आणि रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडणाऱ्या मुलाला सांगा: कॉम्प्युटर आणि राउटर चालूच राहू दे.