निवाऱ्यातून ग्रेट डेन घरी आणताना

नावावरून डेन्मार्कचा वाटणारा ग्रेट डेन मुळात जर्मनीत रानडुकराच्या शिकारीसाठी घडवला गेला. आज मात्र तो माणसाच्या अंगाला अंग टेकवून उभा राहणारा मवाळ कुत्रा म्हणून ओळखला जातो. हौसेने आणलेले पिल्लू दीड वर्षात पन्नास-साठ किलोंचे झाले की घरच्यांना ते आवरत नाही, आणि मग त्याची रवानगी प्राणी-निवाऱ्यात होते. पैदाशीसाठी वापरून सोडून दिलेल्या माद्याही तेथे येतात.

निवड एका भेटीत करू नये. जी व्यक्ती रोज फिरवणार आहे, तिनेच त्याला पट्ट्याने चालवून पाहावे, कारण ओढ बसली तर ती कोणाला सावरायची आहे हे आधीच ठरलेले बरे. बसलेला कुत्रा उठताना मागचे पाय कसे टाकतो, खाताना कोणी जवळ गेले तर गुरगुरतो का, हे पाहावे. हृदयाची तपासणी आणि गोचिडांपासून होणाऱ्या तापाची रक्तचाचणी झाली आहे का, हे विचारावे. मादी असेल तर नसबंदी झाली आहे का आणि स्तनांत गाठी आहेत का, तेही पाहून घ्यावे. या जातीचे आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचे असते, त्यामुळे पाच वर्षांचा कुत्रा मध्यम वय ओलांडत असतो. तरीही माझ्या मते पहिल्यांदा मोठा कुत्रा पाळणाऱ्याने पिल्लापेक्षा असाच प्रौढ कुत्रा घ्यावा; त्याचा स्वभाव आणि आकार दोन्ही डोळ्यांसमोर असतात.

घराची तयारी फरशीपासून करावी. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर घट्ट बसणाऱ्या चटया आणि झोपण्यासाठी जाड गादी हवी. नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. खांद्यापाशी ऐंशी सेंटीमीटर उंच असलेल्या कुत्र्याला ओट्यावरची पोळी सहज मिळते, हेही लक्षात असू द्यावे. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महापालिकेचा परवाना मात्र घ्यावा लागतो.

सर्वांत अधिक सावधगिरी पोटाची. खोल छातीच्या या कुत्र्यांचे जठर हवेने फुगून पिळले जाऊ शकते, आणि तसे झाल्यास काही तासांत जीव जातो. उलटीचा प्रयत्न करूनही काही न पडणे, लाळ गळणे, पोट ताठ होणे, एका जागी चैन न पडणे ही लक्षणे दिसताच थांबू नये. रात्री शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य कोठे आहे, हे कुत्रा येण्यापूर्वीच शोधून ठेवावे. जेवण दिवसातून दोनदा विभागून द्यावे, खाल्ल्यावर तासभर पळवू नये. भांडे उंच स्टँडवर ठेवण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उंच भांड्याचा संबंध या आजाराच्या वाढत्या धोक्याशी दिसून आला. म्हणून निर्णय पशुवैद्याला विचारून घ्यावा. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेता येते, त्याविषयीही बोलावे.

पहिले काही दिवस पाहुणे टाळावेत. त्याने खाल्ले नाही, कोपऱ्यात झोपून राहिला, तरी त्याला ओढून बाहेर काढू नये. पाणी जवळ ठेवावे आणि त्याच खोलीत आपण आपले काम करत बसावे.