बँकॉक ते सिंगापूर विमानप्रवास: वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

समजा, विमान बँकॉकहून सकाळी १० वाजता सुटतं आणि सिंगापूरला दुपारी १:२५ ला पोचतं. तिकीट बघून वाटतं, साडेतीन तासांचा प्रवास. परतीचं १० ला निघून ११:२५ ला उतरतं, म्हणजे जेमतेम दीड तास! खरं तर दोन्ही वेळा साधारण २ तास २५ मिनिटंच लागतात. तिकिटावरची वेळ त्या त्या शहराची असते आणि सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे आहे. नकाशावर दोन्ही शहरं जवळजवळ एकाखाली एक दिसतात, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षातच येत नाही. १९८२ पासून सिंगापूर आणि मलेशियाने घड्याळं पुढे नेऊन ठेवली आहेत. आपल्यापेक्षा बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर अडीच.

रात्री १० चं विमान घेतलंत तर उतरेपर्यंत तारीख बदललेली असते. हॉटेल मात्र आदल्या तारखेपासूनच बुक करा, नाहीतर पहाटे दोनला पोचून दुपारच्या चेक-इनची वाट बघत बसावं लागेल.

अंतराचे आकडेही गोंधळात टाकतात. कुठे १,४२० दिसतं, कुठे ८८०, कुठे ७६५. अंतर एकच आहे: किलोमीटर, मैल आणि सागरी मैल. त्याला विमानाच्या वेगाने भागून पावणेदोन तास काढू नका. वेळापत्रकातल्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं आणि गेटला लागणं हे सगळं धरलेलं असतं.

सगळ्यात महागात पडते ती विमानतळाची चूक. बँकॉकला दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. मुंबईहून जाणारे बहुतेक सुवर्णभूमीला उतरतात, पण सिंगापूरचं स्वस्त तिकीट अनेकदा डॉन म्युआंगहून असतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर इमिग्रेशन, सामान घेणं, शहराच्या ट्रॅफिकमधून साधारण ४० किलोमीटर जाणं आणि पुन्हा चेक-इन, हे सगळं तुमच्याच डोक्यावर. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत देत नाही. पाच-सहा तासांपेक्षा कमी वेळ हाताशी असेल तर असं तिकीट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन विमानतळांमध्ये मोफत बस आहे, पण ती पुढचं तिकीट दाखवल्यावरच मिळते आणि वाटेत अडकली की अडकलीच.

सिंगापूरला व्हिसाबरोबरच एसजी अरायव्हल कार्डही (देशात शिरण्याआधी भरायचा फॉर्म) लागतं. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन, मोफत भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. थायलंडचं असंच डिजिटल कार्ड (मे २०२५ पासून सक्तीचं) दर प्रवेशाला नव्याने भरावं लागतं. म्हणजे सिंगापूरहून परतताना बँकॉकला विमानतळाबाहेर पडणार असाल, तर ते पुन्हा भरा.