"सिस्टीम स्लो आहे" हे मोजायचं कसं आणि वरिष्ठांपुढे मांडायचं कसं

मार्चअखेरच्या आठवड्यात मिरजेजवळच्या एका शाखेतून फोन आला. "मॅडम, पैसे काढायची एक स्लिप पोस्ट व्हायला पाऊण मिनिट लागतंय. रांग दरवाज्याबाहेर गेलीय." माझ्यासमोर त्याच महिन्याचा अहवाल उघडा होता. मुख्य सर्व्हरचा सीपीयू (प्रोसेसर) वापर सरासरी ३८ टक्के, सगळे रकाने हिरवे. आकडा बरोबर होता, पण त्यात रात्री, रविवार आणि रिकाम्या संध्याकाळी मिसळलेल्या होत्या. शाखा ज्या दीड तासात अडकली होती, तो दीड तास त्यात कुठेच दिसत नव्हता.

सिस्टीमचा वेग मोजून अहवाल द्यायचं काम मी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये सतरा वर्षं केलं. नव्याने ज्यांच्या अंगावर ते आलंय, त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहून ठेवतेय. उदाहरणं बँकेची आहेत, पण विमा कंपनी, वीज मंडळ किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागातही काम याच क्रमाने करता येईल.

आधी काउंटरवर जा

कुठलंही टूल उघडण्याआधी दोन शाखांमध्ये जाऊन बसा, एक शहरातली, एक तालुक्याची. कॅशियरच्या मागे खुर्ची टाका आणि घड्याळ लावून लिहा: एंटर दाबल्यापासून पावती येईपर्यंत किती सेकंद. मग चार-पाचच कामं निवडा, ज्यांच्यावर संस्था चालते. आमच्याकडे ती होती रोख भरणा, रोख काढणे, शिल्लक पाहणे, खात्यातून खात्यात वर्ग आणि रात्रीचं ईओडी, म्हणजे दिवस बंद करण्याची प्रक्रिया. प्रत्येक कामाला किती वेळ चालेल हे शाखा विभागाच्या लोकांसोबत बसून ठरवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. "भरणा, ९५ टक्के वेळा ३ सेकंदांच्या आत" असं एक वाक्य पुरतं. हे मोजण्याआधीच ठरलं पाहिजे. आकडे हातात आल्यावर मर्यादा ठरवली, की ती आकड्यांच्या सोयीने ठरते.

ही वेळ ॲप्लिकेशनच्या लॉगमधून, म्हणजे ते आपोआप लिहीत असलेल्या नोंदींमधून, काढा. लॉगमध्ये व्यवहार सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ पडत नसेल, तर सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडून ती आधी पाडून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

कच्ची आकडेवारी जपा

बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर सिसस्टॅट हे पॅकेज असतं. ते दर १० मिनिटांनी सर्व्हरच्या वापराची नोंद करतं आणि 'सार' या कमांडने ती वाचता येते. १० मिनिटं फार लांब होतात. सीपीयू २ मिनिटं १०० टक्के आणि उरलेली ८ मिनिटं ४० टक्के चालला, तर नोंदीत ५२ टक्के दिसतं आणि अडचण गायब होते. मध्यांतर १ मिनिटावर आणा. रेडहॅट लिनक्सवर मूळ मांडणीत या नोंदी २८ दिवस राहतात. ओरॅकल डेटाबेस स्वतःच्या कामगिरीच्या नोंदी ठेवतो, त्या एडब्ल्यूआरमध्ये नोंद तासाला एक आणि साठा ८ दिवसांचा. शिवाय एडब्ल्यूआर वापरायला डायग्नॉस्टिक्स पॅकचा वेगळा परवाना लागतो. तो आपल्याकडे आहे का, हे आधी विचारून घ्या.

म्हणजे काहीच बदललं नाही, तर यंदाच्या ३१ मार्चची गेल्या ३१ मार्चशी तुलना करायला तुमच्याकडे काहीच नसेल. रोज रात्री कच्च्या फायली वेगळ्या मशीनवर न्या आणि किमान १३ महिने ठेवा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरअखेरचे आठवडे कधीच पुसू नका.

सगळ्या सर्व्हरांची घड्याळं जुळलेली आहेत का, हेही पाहा. आमचा एक सर्व्हर ४ मिनिटं मागे होता. त्यापायी आम्ही दोन दिवस चुकीच्या बॅच जॉबच्या (एकगठ्ठा चालणाऱ्या कामाच्या) मागे लागलो होतो.

सरासरीच्या आत काय लपतं

१०० व्यवहारांपैकी ९४ एका सेकंदात झाले आणि ६ वीस सेकंदांत, तर सरासरी येते २.१४ सेकंद. कागदावर उत्तम. पण ते सहा जण काउंटरसमोर उभे आहेत. म्हणून ९५ वा पर्सेंटाइल द्या, म्हणजे १०० पैकी ९५ व्यवहार ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ, आणि तो सर्वांत गर्दीच्या तासाचा द्या. शाखांचे पर्सेंटाइल काढून त्यांची सरासरी मात्र काढू नका, त्या आकड्याला अर्थ नसतो. सगळे व्यवहार एकत्र करून पर्सेंटाइल पुन्हा काढा.

वरिष्ठ हमखास विचारतात, "८० टक्केच तर भरलंय, २० टक्के शिल्लक आहे ना?" याचं उत्तर पाठ करून ठेवा. एकाच खिडकीपुढे रांग असेल, तर लागणारा वेळ म्हणजे प्रत्यक्ष कामाचा वेळ भागिले रिकामा हिस्सा. काम ०.२ सेकंदाचं असेल, तर ५० टक्के वापराला ०.४ सेकंद लागतात, ८० टक्क्यांना १ सेकंद, ९० ला २ आणि ९५ ला ४. सर्व्हरमध्ये अनेक कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र भाग, म्हणजे अनेक खिडक्या) असले की हे वळण उशिरा येतं, पण आलं की अधिक तीव्र असतं. हा आलेख मी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. जीएम साहेबांनी तो एकदा नीट पाहिला आणि नंतर तो प्रश्न कधी आला नाही.

दुसरं सूत्र जॉन लिटल यांचं. १९६१ साली त्यांनी ते सिद्ध केलं: आत असलेली कामं म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत लागणारा वेळ. सेकंदाला ६० व्यवहार येत असतील आणि प्रत्येक जण डेटाबेसचं कनेक्शन अर्धा सेकंद धरत असेल, तर ३० कनेक्शन्स गुंततात. डिस्क अडखळली आणि तोच वेळ २ सेकंदांवर गेला, की १२० लागतात. पूल, म्हणजे कनेक्शन्सचा ठरलेला साठा, १०० चा असेल तर बाहेर रांग लागते, आणि सीपीयू मात्र निवांत दिसतो. मिरजेचा तो फोन याच प्रकारातला निघाला.

वाचताना आणखी दोन ठिकाणी लोक फसतात. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये, म्हणजे ताणाच्या सरासरी आकड्यात, डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रक्रियाही मोजल्या जातात. त्यामुळे लोड ४० आणि सीपीयू रिकामा, असं दिसलं तर स्टोरेजकडे वळा. मेमरीत 'फ्री' कमी दिसली म्हणून घाबरू नका, 'अव्हेलेबल' पाहा. उरलेल्या मेमरीत लिनक्स फायलींच्या तात्पुरत्या प्रती (कॅश) भरून ठेवतो आणि गरज पडली की सोडतो.

रात्र आता रिकामी नाही

पूर्वी संध्याकाळनंतर सर्व्हर ईओडीचाच असायचा. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झालं, दर अर्ध्या तासाला एक बॅच. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही. युपीआयला तर पहिल्यापासून रात्र नव्हतीच. त्यामुळे "ईओडी ३ तास १० मिनिटं चाललं" एवढं लिहून भागत नाही. ईओडी चालू असताना ऑनलाइन व्यवहारांचा ९५ वा पर्सेंटाइल किती झाला, मिनिटाला किती खाती पुढे सरकली आणि शाखा उघडण्याआधी किती वेळ हातात उरला, हे तीन आकडे एका ओळीत द्या. तिमाहीअखेर व्याजाची नोंद होते त्या रात्रीची ओळ वेगळी ठेवा. ती साध्या रात्रीत मिसळली की दोन्हींचा अंदाज चुकतो.

एका व्यवहाराची किंमत

सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला आकडा हा: १,००० व्यवहारांमागे किती सीपीयू सेकंद लागले, म्हणजे एक कोअर किती सेकंद गुंतला. एका वर्षी गर्दीच्या तासाचा वापर ४५ टक्क्यांवरून ७० वर गेला आणि नवीन सर्व्हरची मागणी तयार झाली. मी व्यवहार मोजले. गर्दीतला वेग सेकंदाला १२०, गेल्या वर्षीइतकाच. पण हजार व्यवहारांना आधी ९० सीपीयू सेकंद लागायचे, ते आता १४० झाले होते. २४ कोअरच्या मशीनवर हिशेब चोख जुळतो: आधी १०.८ कोअर गुंतायचे, आता १६.८. ग्राहक वाढले नव्हते, प्रत्येक व्यवहार महाग झाला होता. मध्ये आलेल्या एका व्हर्जनमध्ये शिल्लक पाहण्याच्या क्वेरीचा इंडेक्स (डेटाबेसमध्ये पटकन शोधायची सूची) सुटला होता. तो लावला आणि खरेदीची फाइल बंद झाली.

वापर वाढला, तर कामं वाढली की प्रत्येक काम महागलं, हे आधी वेगळं करा. पहिल्याला मशीन लागतं, दुसऱ्याला दुरुस्ती. त्यासाठी बदलांची नोंदवही हवी: कुठलं व्हर्जन, कुठला पॅच, कधी. आलेखावर त्या तारखेला उभी रेघ मारा.

अहवाल

महिन्याचा अहवाल एक पान. पहिलं वाक्य निष्कर्षाचं: "भरणा आणि काढणे मर्यादेत, वर्ग व्यवहार सात दिवस मर्यादेबाहेर." मग तीन आलेख: गर्दीच्या तासाचा पर्सेंटाइल, व्यवहारांची संख्या, हजारामागचे सीपीयू सेकंद. उभ्या अक्षाचं माप दर महिन्याला तेच ठेवा. माप बदललं की टेकडीचा डोंगर दिसतो. हिरवे-पिवळे ठिपके मी काढून टाकले, कारण रंग पाहिल्यावर कोणी आकडा वाचत नव्हतं.

त्याखाली निर्णयाचा परिच्छेद, तारखांसकट. "वाढ अशीच राहिली तर डिसेंबरअखेर मर्यादा ओलांडेल. निविदा ते जोडणी सहा महिने. म्हणून मंजुरी जूनमध्ये हवी." शेवटी दोन ओळी: गेल्या महिन्यात काय अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात काय झालं. अंदाज चुकला असेल तर तसंच लिहा. त्या दोन ओळींमुळेच माझ्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला.

एखाद्या टीमचा दोष दिसत असेल, तर तो अहवालात टाकण्याआधी त्यांच्याकडे जाऊन आलेख दाखवा. स्टोरेजवाल्यांना मी नेहमी दोन दिवस आधी भेटायची. अनेकदा त्यांच्याकडे कारण असायचं, कधी त्याच दिवशी दुरुस्ती व्हायची. मग अहवालात "१२ तारखेला दुरुस्त" एवढंच लिहिलं जायचं.

अहवाल पाठवण्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी तीन शाखांना फोन करायची. त्यात मिरजेजवळची ती शाखा नेहमी असायची. शाखाधिकारी काय म्हणाले ते पानाच्या तळाशी त्यांच्याच शब्दांत जायचं. ते आणि आलेख जुळले नाहीत, तर त्या दिवशी अहवाल पाठवत नसे.