पावसाळ्याच्या तोंडावर बागेतले तळे आणि देशी मासे

बागेतल्या छोट्या तळ्यातले मासे उन्हाळ्यात तग धरतात आणि पावसाळी ढग दाटले की दगावतात. पाणी तर वाढलेले असते, मग मरतात कशाने? बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडल्याने. उन्हाळाभर तळाशी पालापाचोळा आणि उरलेले खाद्य कुजत असते. त्यात आभाळ भरून आले की पाणवनस्पती दिवसा पुरेसा प्राणवायू तयार करत नाहीत, रात्री मात्र तो वापरतातच. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट.

या दिवसांत उजाडता उजाडता तळ्याकाठी एक फेरी माराच. पंचाक्स हा देशी मासा (डोक्यावर चमकता ठिपका असतो तो) मुळातच वरच्या थरात राहतो, तो वर दिसला म्हणून घाबरू नका. पण एरवी सतत पळणारे झेब्रा डॅनिओ आणि रास्बोरा हे छोटे देशी मासे पृष्ठभागाशी थबकून तोंडाची उघडझाप करू लागले, तर लगेच हालचाल करा. पाव हिस्सा पाणी बदला, नवे पाणी उंचावरून धारेने सोडा आणि त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवा. नळाचे पाणी असेल तर आदल्या दिवशीच उघड्या पिंपात भरून ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) वापरलेले पाणी नुसते ठेवून चालत नाही, त्याला क्लोरीननाशक औषध लागते.

पाऊस सुरू होण्याआधी तळाचा गाळ काढा, पण निम्माच. तळे घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह आवरा. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच गाळात आणि दगडांवर असतात. नवे सिमेंटचे तळे असेल तर ते तीन-चार वेळा भरून रिकामे करा, चुना उतरू द्या, मगच मासे सोडा.

तळ्याचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे तरी उंच हवा. वाफ्यांतून वाहून येणारे पाणी तळ्यात शिरता कामा नये. बोर्डो मिश्रणातले (बुरशीनाशक फवाऱ्यातले) मोरचूद आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके अगदी थोड्या प्रमाणातही माशांचा जीव घेतात. जवळ फवारणी असेल त्या दिवशी तळे प्लास्टिकने झाकावे, काम झाल्यावर लगेच उघडावे.

जादा पाणी जाण्याच्या नळीला बारीक जाळी बांधा आणि मोठ्या पावसानंतर ती पाल्याने तुंबली नाही ना, ते बघा. डॅनिओ प्रवाह दिसला की त्यात झेपावतात.

डासांसाठी सर्रास गप्पी किंवा गंबुसिया सोडले जातात. दोन्ही परदेशी, झपाट्याने वाढणारे. गंबुसिया तर देशी माशांची पिले आणि बेडकांची अंडीही खातो. तळे तुडुंब भरून वाहिले की ते ओढ्यात पोहोचतात आणि मग परत आणता येत नाहीत. पंचाक्स डासांच्या अळ्या आवडीने खातो, मग परदेशी मासा हवाच कशाला? मात्र पावसाळ्यात ओढ्यातून मासे पकडून आणू नका, तो त्यांच्या विणीचा काळ असतो. खात्रीच्या ठिकाणी पैदास केलेले घ्या, दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

तळ्यातही याच दिवसांत अंडी पडतील. एका कोपऱ्यात दाट पाणवनस्पती आणि गोटे राहू द्या, नाहीतर डॅनिओ स्वतःचीच अंडी फस्त करतात. चतुराच्या अळ्या दिसल्या तर चाळणीने उचलून दुसऱ्या पाण्यात सोडा. त्या पिलांवर टपलेल्या असतात.