मांजरांसाठी नो-किल निवारा: आधी आकडा ठरवा, मग दार उघडा

मांजरांसाठी निवारा काढायचाय असं म्हटलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले: जागा कुठे आणि पैसा कुठून? किती मांजरं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

नो-किल म्हणजे जागा संपली, पैसे संपले, मांजर म्हातारं किंवा आंधळं आहे, अशा कारणांनी कुणाला मरणाचं इंजेक्शन द्यायचं नाही. अमेरिकेत आलेल्यांपैकी किमान ९० टक्के जनावरं वाचली तर निवाऱ्याला नो-किल म्हणतात. उरलेला वाटा असाध्य दुखण्यांसाठी धरलेला असतो. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मुंबईत कुत्री मारण्यावरून १८३२ साली दंगल झाली आणि दोन वर्षांनी भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. पण पांजरपोळात आलेली म्हातारी गाय तिथेच राहते. मांजरांची वीण बघता त्यांच्या निवाऱ्याला बाहेर जायचं दारही लागतं, म्हणजे मांजरांना घरं मिळवून देण्याची सोय.

१. आकडा

एकत्र ठेवलेल्या प्रत्येक मोठ्या मांजराला किमान १८ चौरस फूट जागा आणि एका खोलीत मोजकीच मांजरं, असा निवाऱ्यांच्या पशुवैद्यकांचा दंडक आहे. ३०० चौरस फुटांची जागा असेल तर कागदावर सोळा मांजरं बसतात. त्यातून नव्यांची आणि आजाऱ्यांची खोली वजा करा, म्हणजे उरतात दहा.

मग माणसांचा वेळ मोजा. खाणं आणि साफसफाई धरून दर मांजरामागे रोज किमान १५ मिनिटं लागतात. चाळीस मांजरं म्हणजे दिवसाचे दहा तास, आणि यात औषधं, फोन, दवाखान्याच्या खेपा आल्या नाहीत.

तिसरा हिशेब सगळ्यात उपयोगाचा. महिन्याला पाच मांजरं येत असतील आणि प्रत्येक सरासरी चार महिने राहत असेल, तर तुमच्याकडे कायम वीस मांजरं असणार. मुक्काम दोन महिन्यांवर आणलात तर दहा. म्हणजे तेवढ्याच मांजरांना मदत होते, निम्म्या गर्दीत. गर्दी कमी की आजार कमी, आणि आजार कमी की मुक्काम आणखी घटतो. जागा वाढवायच्या आधी मुक्काम कमी करून बघा.

आकडा ठरला की तो भिंतीवर लिहा. रात्री अकराला कुणीतरी खोक्यात पिल्लं घेऊन येईल आणि ‘तुम्ही नाही घेतलं तर मरतील’ म्हणेल. तेव्हा ‘जागा नाही, पण दूध, औषध आणि सल्ला देतो, दोन आठवडे तुम्हीच सांभाळा’ असं सांगता आलं पाहिजे. बरेच जण कुरकुरत का होईना सांभाळतातही.

२. कागदपत्रं

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करता येते किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी काढता येते. देणगीदारांना करसवलत हवी तर प्राप्तिकर खात्याकडे त्यासाठीची नोंदणी करा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यताही घ्या. जागा भाड्याची असेल तर करारात ‘मांजरं’ हा शब्द आणि त्यांची संख्या स्पष्ट लिहून घ्या. ‘सामाजिक कार्यासाठी’ एवढ्या मोघम शब्दांवर पहिल्या वासालाच जागा सोडावी लागते.

३. तीन खोल्या

नव्यांची, आजाऱ्यांची आणि नेहमीची. एवढ्या खोल्या नसतील तर निवारा काढू नका, घरी दोन मांजरं सांभाळा. ते काम कमी मोलाचं नाही.

नवं आलेलं मांजर चौदा दिवस वेगळं राहतं, कितीही धडधाकट दिसलं तरी. कारण पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो. लस न झालेली पिल्लं यात पटापट जातात आणि विषाणू फरशीच्या फटीत वर्षभरसुद्धा टिकतो. फिनाईलने तो मरत नाही. उलट फिनाईल, डेटॉल यांतली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराचं यकृत पचवू शकत नाही; पाय चाटताना ती पोटात जातात. त्यामुळे आधी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, नंतर पाण्याने धुऊन सुकवा. मांजरं सुकल्यावरच आत.

कामाचा क्रमही ठरलेला हवा: आधी पिल्लं, मग नेहमीची खोली, मग नवी, शेवटी आजारी. आजाऱ्यांच्या खोलीच्या चपला आणि ॲप्रन तिथेच राहतात.

नेहमीच्या खोलीत भिंतीवर फळ्या ठोका; मांजराला जमिनीपेक्षा उंचीची जागा हवी असते. खिडक्यांना डासांची जाळी नको, वेल्डमेश म्हणजे तारेची जाळी लावा. दारं दोन, एकामागे एक. शौचाचे ट्रे शक्यतो मांजरांच्या संख्येहून एक जास्त. वाळू, लाकडाचा भुसा, काहीही चालतं, पण रोज उपसा. टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या विष्ठेतून पसरणारा, पोटातल्या बाळाला बाधणारा परजीवी) अंडी संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस घेतात. तरीही गर्भवती बाईला हे काम देऊ नका. पावसाळ्यात खोली कोरडी ठेवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. ओलीत नायटा पसरतो आणि तो माणसांनाही होतो.

४. लस, नसबंदी आणि परत गल्लीत

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांत पहिली तिहेरी लस (पार्वो आणि सर्दीचे दोन विषाणू यांच्यावरची), मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. मांजरं हाताळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःही रेबीजची लस आधीच घ्यावी. चावलं, ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. म्हणून नसबंदी झाल्याशिवाय कुणाच्याही घरी मांजर द्यायचं नाही. ‘नंतर करून घेऊ’ म्हणणारे प्रेमळ लोकच पुढच्या वर्षी खोकं घेऊन येतात.

आता थोडं कडू. प्रत्येक भटक्या मांजराला निवाऱ्याची गरज नसते. माणसाचा हात कधी न लागलेला बोका बंद खोलीत कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खाणं सोडतो. त्याला पिंजरा लावून पकडा, नसबंदी आणि लस करा, ओळखीसाठी कानाला खूण करून घ्या आणि बरा झाला की त्याच गल्लीत, त्याच मच्छीवालीच्या ओट्याजवळ सोडा. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम मांजरांनाही लागू आहेत. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारखे जुने दवाखाने किंवा जवळची मान्यताप्राप्त संस्था गाठा. शस्त्रक्रियेची सोय स्वतः उभी करण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका.

५. खाणं आणि धोक्याच्या खुणा

मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल खाण्यातून मिळावंच लागतं आणि ते मांस-मासळीत असतं. दूधभातावर किंवा कुत्र्याच्या खाण्यावर ठेवलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. बाजारातून सुरमईची डोकी फुकट मिळतात. ती उकडा आणि काटे काढा. कच्च्या मासळीची सवय लागली तर काही माशांमुळे ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रोजचा आधार मात्र मांजरांच्या तयार खाण्याचाच ठेवा.

आईविना पिल्लू आलं तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, फुफ्फुसातही जाऊ शकतं. गाईचं दूध नको, पिल्लांसाठीची दूधपावडर आणा. पोटावर पालथं धरून पाजा, बाळासारखं उताणं कधीच नाही. अगदी लहान असेल तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, आणि पाजल्यावर ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची.

दोन दिवस न खाणारं मांजर आणि ट्रेमध्ये बसून कुंथणारा बोका यांच्यासाठी उद्याची वाट बघायची नाही. बोक्याची लघवी अडलेली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं गोचिडांचं औषधही तसंच.

६. बाहेरचं दार

घर देताना फ्लॅटच्या खिडक्यांचे फोटो आधी मागवा. जाळी नसेल तर जाळी बसल्यावर मांजर. घरातल्या सगळ्यांशी बोला, विशेषतः ज्यांना मांजर नको होतं त्यांच्याशी. अर्जात एक अट ठळक असू द्या: जमलं नाही तर मांजर आमच्याकडेच परत, रस्त्यावर नाही.

काही मांजरांना घर मिळणार नाही. तीन पायांची, दीर्घ आजारी, पंधरा वर्षांची. त्यांच्यासाठी आकड्यातल्या जागा आधीच राखून ठेवा आणि त्या जागांचा महिन्याचा खर्च वेगळा दाखवून लोकांकडे मागा. एका ठरावीक मांजरासाठी देणारे निघतात. आणि ज्याच्या वेदना औषधाने थांबत नाहीत त्याचा निर्णय एकट्याने, थकलेल्या रात्री घेऊ नका. दोन पशुवैद्यकांचं मत लेखी घ्या, ते वहीत चिकटवा आणि कुणीही विचारलं तर दाखवा.