नाशिकमध्ये घरच्या घरी शब्बाथ कसा करायचा

सातपूर-अंबडला नोकरीसाठी आलेली आपली बेने इस्राएली (म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची) पोरं विचारतात, इथे मिन्यान जमत नाही मग शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विसाव्याचा पवित्र दिवस) कसा करायचा? मिन्यान म्हणजे दहा मोठे पुरुष, ते नसले तर कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही, सेफेर तोरा म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी काढून वाचता येत नाही, हे खरंय. पण दिवा, किद्दुश (पेला हातात घेऊन म्हणायचा शब्बाथाचा आशीर्वाद), शेमा (देव एकच आहे ही मुख्य प्रार्थना) हे सगळं घरचंच आहे, एकट्याने केलं तरी पूर्ण होतं. कोकणात आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) झालं 1796 ला, त्याआधी कित्येक पिढ्या शनिवारी घाणा बंद आणि तोंडात शेमा एवढ्यावर धर्म टिकला ना.

तयारी गुरुवारी रात्रीच करायची. किद्दुशला वाईन शोधत फिरू नका, आपल्याकडे मनुकांचं शरबत चालत आलंय आणि तालमूद या आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातही मनुकांच्या वाईनवर किद्दुश चालतं असं आहे, आणि आपण तर द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो. पाव किलो काळ्या मनुका घ्या, पण दाबल्या की ओलावा सुटेल अशाच, खडखडीत सुकलेल्या चालत नाहीत, तो नियमच आहे. नीट निवडा, धुवा आणि दोन-तीन कप पाण्यात रात्रभर ठेवा. शुक्रवारी मिक्सरला फिरवून पातळ फडक्यातून पिळून काढा. पाणी वाढवत बसू नका, साखर लागत नाही.

शुक्रवारचा स्वयंपाक सूर्यास्ताआधी आटपलाच पाहिजे. कोषेर (आपल्या धर्मनियमाने कापलेलं) मटण नाही मिळालं तर पंख आणि खवले असलेला मासा, कोळंबी नाही. मटण असेल तर मांसाबरोबर दुधाचं चालत नाही म्हणून दही-तूप काही नको, नारळाचं दूध घाला.

दिवे सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचे, नाशिकला डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, त्यामुळे दर आठवड्याला वेळ बघा. खोबरेल तेलाचे लावले तर फारच छान. त्याआधी एक काम मात्र विसरू नका, फोन. देवळालीत, नाशिकरोडला कुणी आपलं म्हातारं माणूस एकटं असेल त्याला जेवायलाच बोलवा. हिल्लेल हे आपले जुने धर्मगुरू म्हणतात समाजापासून वेगळा होऊ नकोस, आणि मला वाटतं दहा जण नसलेल्या गावात हे वाक्य जास्त लागू आहे.

मग टेबलावर शरबताचा भरलेला पेला, फडक्याखाली दोन पाव, कारण मिसरमधून निघालेल्या आपल्या पूर्वजांना रानात शुक्रवारी मान्ना (आकाशातून पडणारं अन्न) दुप्पट मिळायचा. पेला हातात घेऊन किद्दुश, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, मग हात धुवून पावावर हामोत्सी हा आशीर्वाद, मीठ लावून सगळ्यांना तुकडा. आणि हातबोशी (हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावणं) घ्या सगळ्यांशी, ती फक्त सिनेगॉगची नाही.

शनिवारी त्या आठवड्याची पाराशा (तोराचा ठरलेला भाग) मराठी बायबलमधून मोठ्याने वाचा. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने ठाण्याला जाऊन येऊ असं कुणी म्हणतं, पण शब्बाथाला प्रवास बसत नाही. ठाण्याच्या शाआर हशामाइम सिनेगॉगला जायचंच तर शुक्रवारी दुपारीच पोचा आणि तिथेच मुक्काम करा, सणाला तर नक्कीच करा.

तीन तारे दिसले की हवदाला (शब्बाथ संपवायचा विधी), त्याला वळलेली मेणबत्ती, वास घ्यायला लवंग-वेलची आणि उरलेलं शरबत, ते पुढच्या शुक्रवारसाठी ठेवू नका, चव बदलते.