व्हर्टिगो असताना विमानप्रवास: कोल्हापूरहून निघण्याआधीची तयारी

तिकिटाच्या आधी डॉक्टर. "मला चक्कर येते, मी गोळी घेते" एवढ्या माहितीवर प्रवासाची तयारी होत नाही, कारण चक्कर कशामुळे येते त्यावर पुढचं सगळं ठरतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आजाराचं नाव कागदावर लिहून घ्या. बीपीपीव्ही, म्हणजे डोकं हलवलं की येणारी चक्कर, असेल तर आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. कूस बदलली, वर बघितलं, की सगळं गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं. मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचा झटका मात्र वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालतो, सोबत कानात दडा बसतो, आवाज येतो, ऐकू कमी येतं. मायग्रेनमधून येणाऱ्या चक्करेला जागरण, उपास आणि डोळ्यांवर येणारा उजेड पुरतो.

माझी बीपीपीव्ही. तिला गोळीचा फारसा उपयोग नाही, कारण गोळीनं कण हलत नाहीत. ते हलतात एपली पद्धतीनं: डॉक्टर टेबलावर झोपवून डोकं ठरावीक क्रमानं वळवतात आणि कण मूळ जागी सरकवतात. जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत काढली. त्रास चालू असेल तर हे काम प्रवासाच्या आठवडाभर आधी उरका. आदल्या दिवशी नको, कारण नंतर एखाद-दोन दिवस चालताना थोडं हलल्यासारखं वाटू शकतं.

डॉक्टरांकडे गेलातच आहात तर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली म्हणजे प्रवासात घ्यायची गोळी कोणती आणि किती वाजता. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्यांनी झोप येते. त्यामुळे नवी गोळी पहिल्यांदा विमानात घ्यायची नाही, घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघायची. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तेही सांगायचं. या गोळ्या महिनोन्‌महिने रोज घेत राहणंही बरं नाही, कारण मेंदूला तोल नव्यानं सांभाळायला शिकायचं असतं आणि त्या शिकण्यालाच त्या अडवतात. दुसरी गोष्ट, कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर उडायचं की नाही. तिसरी, नाक चोंदलं असेल तर कोणता स्प्रे मारायचा. रक्तदाब असणाऱ्यांनी हा स्प्रे आपल्या मनानं घेऊ नये. सर्दी जोरात असेल तर मी सरळ तारीख पुढे ढकलते. पैसे जातात, पण कान वाचतो.

प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून मागा. चक्करेवरचं बीटाहिस्टिन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, अमेरिकेत मात्र त्याला एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, मान्यता नाही. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आईबाबांनी ते तिथं मिळेल या भरवशावर जाऊ नये. परदेशी जाताना विमा काढला तर आजार जाहीर करा, नाहीतर दावा अडतो.

आता तिकीट. सगळ्यात आधी घरच्यांचं एक वाक्य बाजूला ठेवा: "पुण्यापर्यंत गाडीनं जाऊ की, हाय काय त्यात!" सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर रस्ता, खंबाटकीचा घाट, जागोजागी डायव्हर्शन, त्यात रात्रीच्या स्लीपर बसमध्ये वरचा बर्थ. एवढं सोसून विमानतळावर पोचलेलं डोकं आधीच अर्धं फिरलेलं असतं. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्याच विमानतळावरून, थेट विमान मिळत असेल तर ते घ्या. ते नसेल तर रेल्वे, आणि खालचाच बर्थ. वेळ सकाळची बघा. एप्रिल-मेमध्ये जमीन तापली की दुपारच्या हवेत विमान जास्त हलतं.

कोल्हापुरात येणाऱ्या विमानांत पंखेवालं एटीआरही असतं. ते जास्तीत जास्त पंचवीस हजार फुटांपर्यंत जातं. मोठी जेट विमानं ज्या ढगांच्या वरून निघून जातात, त्यांच्यातूनच याला वाट काढावी लागते, आणि पावसाळ्यात ते जाणवतं. कुठल्याही विमानात पंखांजवळची सीट सगळ्यात कमी हलते, शेपटाकडची सगळ्यात जास्त. एटीआरमध्ये मात्र एक मेख आहे. त्याचा प्रवाशांचा दरवाजा मागे असतो, म्हणून मागची सीट सोयीची वाटते. ती घेऊ नका. पंख्याच्या अगदी शेजारची खिडकीही नको, कारण ऊन पडलं की फिरणाऱ्या पात्यांची लकलक डोळ्यांवर येते. त्याच्या मागे दोन-चार रांगा सोडून बसलं की बरं. खिडकी की कडेची सीट, यावर माझं मत खिडकी: क्षितिज दिसत राहिलं की डोळे आणि कान यांचं भांडण कमी होतं. वारंवार बाथरूमला जावं लागत असेल तर गोष्ट वेगळी. मेनियरवाल्यांनी चांगला कान सोबतच्या माणसाकडे येईल अशी बाजू निवडावी.

तिकीट काढल्यावर व्हीलचेअर मागायची असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. आपल्याकडे व्हीलचेअर म्हटलं की माणूस बिचकतो, "पाय धड आहेत की माझे!" पाय धड आहेत, पण मुंबई-बेंगळुरूच्या विमानतळावरचे लांबलचक कॉरिडॉर, सरकते जिने आणि सरकते पट्टे पायांना नाही, डोळ्यांना त्रास देतात. परतीला दमलेलं असताना तर मी संकोच न करता मागते.

बॅग लहान घ्या, पुढच्या सीटखाली सरकेल एवढी. हे मी सगळ्यांना परत परत सांगते, कारण बीपीपीव्हीवाल्यांना विमान उडाल्यानं फारसं काही होत नाही. होतं ते मान मागे टाकून, हात वर करून वरच्या कप्प्यात बॅग ठेवताना. मोठी बॅग असेल तर शेजारच्या तरुणाला सांगायचं, "बाळा, एवढी ठेव रे वर." आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. बॅगेत गोळ्या, प्रिस्क्रिप्शन, रिकामी बाटली, गॉगल, दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि लिमलेटच्या गोळ्या. खिशात एक चिठ्ठी: आजाराचं नाव, औषध, घरच्यांचा नंबर. झटका आला की बोलणं सुचत नाही, तेव्हा ती पुढे करायची. पायात बूट. कोल्हापुरी पायताण मुलाच्या सासरी मिरवा, पण विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर आणि ओल्या जिन्यावर त्याचं कातडी तळ घसरतं.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको. जेवण साधं आणि वेळेवर. मेनियरवाल्यांनी प्रवासाच्या डब्यातून भडंग, पापड, लोणचं वगळावं, कारण मिठाचा संबंध थेट कानाशी आहे. त्यांना हे सांगणं कोल्हापुरात जिवावर येतं, पण सांगते.

विमानतळावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचा. घाई झाली की माणूस झटकन वाकतो, झटकन वळतो, आणि तेच आपल्याला चालत नाही. सिक्युरिटीत ट्रेमधली वस्तू घ्यायला गुडघ्यात वाका, मान खाली घालू नका. बायकांच्या तपासणीला पडद्याआड एक छोटा उंचवटा असतो. त्यावर चढून, हात पसरून उभं राहायचं आणि मग "घूम जाइए" ऐकू येतं. तिथं पाय ठेवण्याआधीच मी सांगते, "मॅडम, मला चक्कर येते, सावकाश वळते." बहुतेक जणी आपणच हात धरतात. नजर समोरच्या एका ठिकाणी ठेवायची, आधी पाय वळवायचे, मग अंग, शेवटी डोकं.

विमानाच्या जिन्यावर एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवा. फोन, पाण्याची बाटली, बोर्डिंग पास सगळं आत. उड्डाणाच्या वेळी डोकं सीटला टेकवून समोर बघा. फोनवर वाचायचं नाही. ढगात शिरल्यावर क्षितिज गेलं की खिडकीकडे न बघता समोरच्या सीटवरच्या एका शिवणीवर नजर ठेवते मी, किंवा डोळे मिटते. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्याइतका असतो, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच ठिकाणी असावा तेवढा. हवा कोरडी असते, म्हणून पाणी थोडं थोडं पीत राहा.

खरी कसोटी उतरताना. चढताना कानातली हवा आपोआप बाहेर पडते, उतरताना ती आत घ्यावी लागते. त्यासाठी घसा आणि कान जोडणारी नळी उघडली पाहिजे. झोपेत आपण फार कमी गिळतो, म्हणून उतरण्याआधी अर्धा तास जागे व्हा. लिमलेटची गोळी चघळा, नाक चिमटीत धरून घोट गिळा. नाक दाबून फुंकायचं असेल तर अगदी हलकेच, जोर लावल्यास आतल्या कानाला इजा होऊ शकते. दोन कानांतला दाब वेगवेगळा राहिला तर अचानक गरगरतं. दाब सारखा झाला की ते काही मिनिटांत ओसरतं, घाबरू नका. चाकं टेकली की सगळे उठतात. आपण बसून राहायचं. सामानाच्या फिरत्या पट्ट्याकडेही टक लावून बघू नका, बॅग ओळखायचं काम सोबतच्या माणसाचं.

सुट्टीचा पहिला दिवस रिकामा ठेवा. हॉटेलात दोन उशा मागा, बाथरूमचा दिवा रात्री चालू ठेवा. घाटात पुढची सीट आपली, मग वडीलधारी कुणीही असोत. तिरुपतीला जाणाऱ्यांसाठी खास: तिरुमलाचा वळणावळणाचा घाट, दर्शनाची लांब रांग आणि रिकामं पोट, तिन्ही एकाच दिवशी येतात. खिशात खायला ठेवा. मुंडण करायचं असेल तर डोकं एकदम खाली घालू नका, न्हाव्याला सांगून सावकाश, थांबत थांबत वाका. गोपुराचा कळस जवळून मान मागे टाकून बघण्यापेक्षा लांबून बघा. तारकर्लीला स्कूबाचा आग्रह होईल. ठाम नाही म्हणा. पाण्याखाली दाब पटकन बदलतो आणि तिथं चक्कर आली तर वर कुठलं, खाली कुठलं तेच कळत नाही. होडीत मात्र बसा, मधोमध, किनाऱ्याकडे बघत.

काही लक्षणांत मात्र गोळी घेऊन वाट बघायची नाही: एकाचं दोन दिसणं, बोलणं अडखळणं, चेहरा किंवा हात लुळा पडणं, उभंच राहता न येणं, कधी नव्हे अशी डोकेदुखी, एका कानानं अचानक ऐकू न येणं. विमानात असाल तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा, जमिनीवर असाल तर भारतात ११२ किंवा जवळचं मोठं रुग्णालय. हे सोबतच्या माणसाला निघण्याआधीच माहीत हवं.

परतीच्या दिवशी उजळाईवाडीला घ्यायला कुणीतरी येईल अशी सोय करून ठेवा. झोप आणणाऱ्या त्या चक्करेच्या गोळीचा अंमल असेल तर त्या दिवशी टू-व्हीलरला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशीही सकाळी उठून घरात दोन फेऱ्या मारून बघितल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही.